विश्रामदादाचा बर्फातला फोटो

आमच्या दातिवऱ्यात विश्रामदादाबद्दल कोणालाही विचारा, "माणूस चांगला, पण आता हात गेला बिचाऱ्याचा," असंच ऐकायला मिळेल. हे वाक्य गावाच्या तोंडी बसायला दोन वर्षं लागली. ते खोटं आहे, आणि खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. माझं नाव जागृती, गावच्या शाळेत मी शिक्षिका आहे. खरं बोला म्हणून पोरांना सांगायचा मला पगार मिळतो. तेव्हा पुढचं लिहिताना मला लाज वाटते आहे, हे आधीच सांगून टाकते.

विश्रामदादाचा जन्म मच्छीमाराच्या घरचा, पण बोटीवर पाय ठेवला की याच्या पोटात ढवळायचं. बापाने तीन हंगाम वाट पाहिली आणि चौथ्या हंगामात त्याला पालघरच्या एका स्टुडिओत चिकटवून दिलं. तिथे फरशी पुसता पुसता तो कॅमेरा शिकला. पुढे केळव्याला समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर स्वतःचं दुकान टाकलं. शनिवार-रविवारी मुंबईची जोडपी यायची, त्यांचे फोटो काढायचे आणि तासाभरात हातात द्यायचे, हा धंदा. मग सगळ्यांच्या हातात मोबाईल आले आणि तो धंदा बसला. तरी आमच्या पट्ट्यातली लग्नं, हळदी, नव्या बोटीची पूजा, ही सगळी त्याचीच राहिली.

उंच, किडकिडीत माणूस, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. बाईच्या लुगड्याची एक निरी जरी इकडची तिकडे असली तरी हा बटण दाबायचा नाही. स्वतः हात लावायचा नाही, दुसऱ्या बाईला हाक मारून नीट करून घ्यायचा. आम्ही चिडवायचो, की विश्रामदादाच्या फोटोत वारासुद्धा विचारून येतो. लग्नघरी गेला की नवरा-नवरीच्या आधी तो म्हाताऱ्यांना उजेडात बसवायचा आणि एकेकाचा फोटो काढायचा. "असू दे एक चांगला," एवढंच म्हणायचा. कशासाठी ते सगळ्यांना कळायचं, बोलायचं कोणी नाही. आज गावातल्या भिंतींवर हार घातलेल्या ज्या तसबिरी आहेत, त्यातल्या निम्म्या त्याच्या हातच्या आहेत.

आमचा सुक्या मासळीचा बचत गट आहे. बावीस बायका, आणि लिहिण्यावाचण्याचं काम माझ्याकडे. खरं सांगायचं तर सगळंच माझ्याकडे, कारण मला दुसऱ्याच्या हातचं पटत नाही. कोणी पोतं शिवलं तर मी ते उसवून पुन्हा शिवणार. घरात सगळे या खोडीला हसतात, मीही हसायचे.

गटाची सहल कुठे न्यायची यावर अष्टविनायकापासून गोव्यापर्यंत सगळं बोलून झालं, तेव्हा लाडकी आजी मध्ये पडली. लाडकी हे तिचं नावच. आमच्यातली ती सगळ्यात मोठी, शहात्तरीची. बर्फाच्या लाद्या फोडून मासळीवर घालण्यात तिचा जन्म गेलेला. ती म्हणाली, "जलमभर इकतचा बरफ फोडला. आबाळातून फुकट पडते तो बगायचा हाय माला." मग दुसरं नाव कोणी काढलंच नाही. जानेवारीत मनालीला जायचं ठरलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये गटाचं नवं गोदाम सुरू व्हायचं होतं. त्याच्या दर्शनी भिंतीवर एक मोठा फोटो लावायचा, अशी सगळ्यांची इच्छा होती. बावीसजणी बर्फात उभ्या, अंगावर कोट नाही, गोधडी नाही, आपलं कास्ट्याचं लुगडं. फोटोची चौकट बोईसरला आधीच सांगून ठेवली होती. विश्रामदादाला बरोबर न्यायचं हे तर ठरवावंही लागलं नाही.

या माणसाने त्या एका फोटोसाठी काय काय केलं, ते ऐकण्यासारखं आहे. बर्फ त्याने कधी पाहिला नव्हता, म्हणून तो कॅमेरा घेऊन एका बर्फाच्या कारखान्यात जाऊन बसला. एक दिवस नाही, चार दिवस. लाद्यांच्या कोठारात स्टुलावर बसायचा आणि बॅटरी किती वेळात मान टाकते ते बघायचा. थंडीत बॅटरी मरते आणि काखेत धरली की पुन्हा जिवंत होते, हे त्याला तिथे कळलं. मग बायकोकडून बनियनला आतून दोन खिसे शिवून घेतले. मिठागरावर जाऊन मिठाच्या ढिगाऱ्यापुढे त्याच बायकोला भर उन्हात लुगडं नेसवून उभी केली. मला म्हणाला, "बाय, पांढरं लय झालं की कॅमेरा फसतो. सगळं करडं करून टाकतो. म्हणून उजेड वाढवून घ्यावा लागतो." बायको म्हणाली, मीठ बघून बघून माझे डोळे गेले, आता बर्फ दाखवला तरी मी बघणार नाही. ती खरंच आली नाही.

मनालीतले पहिले दोन दिवस मजेत गेले. तिथे बर्फात जायला कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात. ते घालून आम्ही बावीस अस्वलं एकमेकींवर बर्फ फेकत होतो. लाडकी आजीने बर्फ तोंडात घालून पाहिला आणि "आपल्या कारखान्याचा बरा," म्हणाली. विश्रामदादा पळत होता, गुडघ्यापर्यंत रुतत होता, बनियनमध्ये हात घालून बॅटऱ्या बदलत होता. त्या दोन दिवसांचे फोटो माझ्याकडे आहेत. एकेक फोटो लख्ख आहे. लुगड्यांचा फोटो मात्र शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही बसने हॉटेलवर परतलो. उतरण्याआधीच विश्रामदादाने कॅमेरा एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातला, हवा दाबून काढली आणि तोंड करकचून बांधलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही पिशवी कोनी उघडायची नाय. कॅमेरा थंड हाय, तो थंडच राहू दे. गरम खोलीत नेला की त्याला घाम सुटतो." कारखान्यात त्याने ते स्वतः पाहिलं होतं. मी तेव्हा कोणाचा हातमोजा कुठे राहिला ते ओरडून विचारत होते. त्याचं बोलणं माझ्या कानावर पडलं आणि मी ते सोडून दिलं.

खोल्यांच्या बाहेर काचेची बंद गॅलरी होती, तिथे हीटर नव्हता. पिशवी त्याने तिथे खिळ्याला टांगली आणि आजीचे पाय शेकायला गरम पाणी मागायला तो खाली स्वयंपाकघरात गेला. बाकीच्या बायका चहाला गेल्या. मी हातमोजे वाळत घालायला गॅलरीत आले आणि माझी नजर त्या पिशवीवर पडली. कॅमेऱ्यावर बर्फाचे बारीक कण, आणि पिशवीचं तोंड बांधलेलं.

आता आम्ही सुक्या मासळीची माणसं. ओलं कधी बांधून ठेवायचं नाही, हे आम्हाला बोलता यायच्या आधी कळतं. एक दमट बोंबील पोत्यात गेला की अख्खं पोतं वाया. त्यात केळव्याच्या दुकानात मी कितीदा पाहिलं होतं, कॅमेऱ्याला बुरशी येऊ नये म्हणून तो त्याला लाकडी पेटीत ठेवतो आणि आत दिवा जळत असतो. म्हणजे कॅमेऱ्याला ऊब हवी. थंडीने याचं डोकं चाललेलं दिसत नाही, असा मी विचार केला. तो वर येईपर्यंत आपणच नीट करून ठेवू.

मी पिशवी सोडली आणि कॅमेरा आमच्या खोलीत हीटरपुढे आणला. भिंग कसं काढतात ते मी त्याला करताना पाहिलं होतं. बटण दाबलं, फिरवलं, निघालं. बोंबील चिरून टाकावा तसे दोन्ही भाग टॉवेलवर उघडे करून हीटरकडे तोंड करून ठेवले. खोटं कशाला सांगू, स्वतःचं कौतुकही वाटलं.

दोन मिनिटं झाली नसतील. बघते तर कॅमेरा पाण्याने भरून आला होता. बाहेरून, आतून, आतल्या आरशावर, भिंगाच्या दोन्ही टोकांना, सगळीकडे दव. पदराचं टोक आत घालून जेवढं पुसता आलं तेवढं पुसलं. जिन्यावर पावलं वाजली. मी भिंग बसवलं, कॅमेरा पिशवीत कोंबला, हवा दाबली, गाठ मारली आणि पिशवी त्याच खिळ्याला टांगली. विश्रामदादा पाण्याची बादली घेऊन वर आला आणि मला म्हणाला, "आजीला हाक मारा, पानी कडकडीत हाय."

तेव्हा सांगितलं असतं तर फार तर तो चिडला असता. रात्रभरात काही उपाय केला असता, नाहीतर फोटोच पुढे ढकलला असता. मी सांगितलं नाही. वाळेल आपोआप, असं मनाला सांगितलं. वाळलं नाही. रात्रभर ते पाणी आतच गोठलं.

सकाळी वरच्या मोकळ्या बर्फात गेलो. उणे आठ, ड्रायव्हर म्हणाला, आणि वर वारा. बायकांनी बसमध्ये कोट उतरवले. त्यातच फोन राहिले. लुगड्यांत खाली उतरलो. लाल, हिरवी, जांभळी लुगडी, आणि मागे पांढराशुभ्र डोंगर. लाडकी आजी मधोमध. दोन मिनिटांचं काम होतं. विश्रामदादाने हातमोजे काढून टाकले, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि खाली घेतला. चष्मा पुसला. पुन्हा लावला. भिंगाची काच बाहेरून पाहिली, ती स्वच्छ होती. बॅटरी बदलली. बटण दाबलं तर ते अर्ध्यावर अडकलं. "एक मिनिट," म्हणाला. मग पुन्हा, "एकच मिनिट."

मी पहिल्या ओळीत उभी होते. काय झालंय ते त्या जागेवर मला एकटीलाच कळलं होतं. मी ओरडून सांगायला हवं होतं, की कोट घाला, चला, फोटो होणार नाही. मी काय ओरडले ते ऐका. "दादा, किती वेळ लावता? म्हातारी काकडतेय इथे!"

माझ्या त्या वाक्याने सुरुवात झाली. मग सगळ्याच बोलू लागल्या. आजीची सून हंसा तर थेट म्हणाली, "येत नाय तर आला कशाला?" बोटं निळी पडली होती तरी तो बटण दाबत राहिला. दहा-बारा मिनिटं आम्ही तशा उभ्या राहिलो, आणि आजी सगळ्यांत ताठ उभी राहिली, कारण फोटो तिचा होता. बसमध्ये चढताना तिला धरावं लागलं. संध्याकाळी ताप भरला. तीन दिवस तिला दवाखान्यात ठेवलं. ती बरी झाली, पण खोकला दोन महिने हटला नाही, आणि तेव्हापासून ती बाजारात बसायला गेलेली नाही.

फोटो घरी आल्यावर संगणकावर पाहिले. दुधात कुंकू सांडावं तसे पांढऱ्यात रंगाचे डाग. बावीसजणींपैकी एकीचाही चेहरा ओळखू येत नव्हता. गोदामाच्या भिंतीवर शेवटी देवाचं कॅलेंडर लावलं.

परत आल्यावर आठवड्याने विश्रामदादा लाडकी आजीकडे आला. मी तिची चौकशी करायला गेले होते, हंसाने हातात चहा दिला होता. तो उंबऱ्यातच थांबला, मग आत येऊन आजीच्या पायाशी बसला. "आजी, माजी चूक झाली. काय चुकलं ते माला कळत नाय, पन चुकलं. तुमाला काय झालं असतं तर मी..." साठीला आलेला माणूस खाली मान घालून बसला होता. हंसा भांडी आपटत होती. आणि मी चहावर फुंकर मारत होते. चहा कधीच निवला होता. माझ्या आयुष्यात मी इतकी नीच कधी वागले नाही, आणि त्यावेळी ते मला कळतही होतं.

मे महिन्यात आजीचा नातू कुंदन याचं लग्न झालं. फोटोवाले बोईसरहून आले, उडणारा कॅमेरा घेऊन. मग पुढची लग्नं त्यांच्याकडेच जाऊ लागली. वर्षाच्या आत केळव्याचं दुकान बंद झालं. विश्रामदादाने बोईसरला एका झेरॉक्सच्या दुकानात कोपरा धरला आणि कंपन्यांतल्या कामगारांचे गेटपासचे फोटो काढू लागला. सफाळ्याच्या रिक्षात कधी भेटला तर सरकून मला जागा द्यायचा. मी मोबाईलमध्ये डोकं घालायचे.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गटाच्या सगळ्याजणी जमल्या. पुढच्या सहलीचं निघालं, तशी हंसा म्हणाली, "फोटोवाला या बारी बोईसरचा घ्या. विश्रामदादाचा हात गेला." बायका हसल्या. मला पुढे ऐकवेना. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पिशवी, हीटर, टॉवेल, पदर, सगळं. एकही गोष्ट गाळली नाही.

मग हंसाच हसली. "काय पन सांगता, बाय! पोत्याची गाठ सैल असली तर तुमी आमाला धारेवर धरता. तुमच्या हातून असं व्हायचं नाय." लाडकी आजीने डोळे पुसले. "बायचं मन मोटं हाय. दुसऱ्याची चूक पदरात घेते." मागून कोणीतरी म्हणालं, त्यानेच येऊन बाईंना गळ घातली असेल, धंदा राहिला नाही ना. मी चिडले, ओरडले, शपथ घेतली. जितकी ओरडले तितक्या त्यांना मी थोर वाटू लागले. शेवटी हंसाने मला पाटावर बसवलं आणि पहिलं हळदीकुंकू मला लावलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बोईसर गाठलं. विश्रामदादा एका कामगाराला पांढऱ्या पडद्यापुढे बसवून "ठोड़ी थोड़ी नीचे, भैया," म्हणत त्याची हनुवटी खाली करायला लावत होता. मला बघून त्याने स्टूल पुढे केलं. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलू लागला.

"काल तुमी बोललात ते हंसाने आमच्या हिला सांगितलं. लय वाईट वाटलं माला. बाय, माज्यासाठी असं करू नका. सकाळी येताना मी आजीकडे जाऊन आलो. पाय धरून सांगितलं, बाय माज्यासाठी खोटं बोलते. चूक माजी होती आनि माजीच हाय."

मी म्हणाले, "दादा, मी खोटं बोलले नाही." आणि त्याला पुन्हा सगळं सांगितलं. तो आधी मान हलवत होता, मग थांबला.

"भिंग काढलं होतं तुमी?"

"हो."

"आनि आतून कशानं पुसलं?"

"पदराने."

त्याने हातातला कॅमेरा खाली ठेवला. "आतल्या आरशाला एक हिरवा धागा होता," तो म्हणाला. "घरी आल्यावर सापडला. दोन वर्सं इचार करतो, तो आला कुठून." मग चष्मा काढून हातात धरला. "माला वाटलं, माजे डोळे गेले. बोईसरवाले नसते आले तरी मी लग्नं घेतली नसती, बाय. तारापूरची दोन घरं घरी बोलवायला आली होती. मीच नाय म्हटलं. कोनाचा पुन्हा असा दिवस खराब नको."

मला रडू आलं. मी त्याचा हात धरला आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता गावात चला, दोघं मिळून सांगू. त्याने हात हळूच सोडवून घेतला.

"सकाळी सांगितलं बाय खोटं बोलते. आता संध्याकाळी जाऊन सांगू, नाय, खरं बोलते? आज फोटोवाला वाईट म्हनतात. उद्या मानूस वाईट म्हनतील." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसलं असतं.

मी तरीही गेले. बोईसरहून परतले ती घरी न जाता सरळ लाडकी आजीच्या ओटीवर. ती सुपात सुकट निवडत बसली होती. तिच्यापुढे बसून मी तिसऱ्यांदा सगळं सांगितलं, हिरव्या धाग्यासकट. तिने सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

"माहीत हाय गो," ती म्हणाली. "विश्राम सकाळीच सांगून गेला. बाय परत येल, परत तेच सांगेल, तू आयकू नको."